मोठ्याने घेतलेलं माप

३ एप्रिल, सोमवार

आजपासून दोन वह्या. एक शाळेच्या मोठ्या बाईंनी दिलेली. तिच्यात वर्गाची रोजची नोंद करायची आणि महिनाअखेरीस त्यांना परत द्यायची. दुसरी ही, माझी. हिच्यात खरं लिहायचं.

झालं असं, की मोठ्या बाई गेल्या आठवड्यात स्कर्ट सैल करून घ्यायला आल्या आणि बसल्याच. म्हणाल्या, "मुलं हल्ली सगळं एकमेकांचं बघून करतात हो. एकीने केस कापले की दहाजणी कापतात. तुला काय आवडतं असं विचारलं, तर शेजारच्याच्या तोंडाकडे बघतात. सुट्टीत तुम्ही त्यांना शिवण शिकवा. प्रत्येकाने आपल्या आवडीचं, आपल्या मापाचं एक जाकीट शिवायचं आणि एकोणतीस तारखेला शाळेच्या सभागृहात सगळ्यांसमोर घालून चालायचं."

मी वरवर म्हटलं, शिवण शिकवीन, बाकीचं मला काय कळतंय? पण मनातून हरखले. पस्तीस वर्षं मशीन चालवतेय, शिकवायला कुणी बोलावलं नव्हतं.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. दुकान एकच, अर्धं त्यांचं, अर्धं माझं. तिकडे टिकटिक, इकडे खडखड. बातमी ऐकून डोळ्याचं भिंग न काढता म्हणाले, "मुलांना बोलायला मिळेल ना मध्ये मध्ये?"

मी मशीन सुरू केलं. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

४ एप्रिल, मंगळवार

दुकानात आठ जण आले. मी पहिल्याच तासाला सगळ्यांना नावं ठेवली, म्हणजे लाडाची. धारदार जिभेची मुलगी आहे, ती कात्री. बुटका, गोल गोल फिरत राहणारा मुलगा, तो रीळ. दोघे जुळे आहेत, त्यांना थोरला आणि धाकटा, अकरा मिनिटांचा फरक आहे म्हणे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांची लेक आहे, ती बेकरीवाली. अकरा वर्षांची, गुबगुबीत, गालाला खळ्या. हात मात्र काय हलके! सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला. कणीक मळणाऱ्या घरातली पोर, बोटांना सवय असणारच.

मी एक घोषणा तयार केली आहे. रोज सकाळी उभं राहून एका सुरात म्हणायची: "मी आहे तशी मला आवडते!" मुलांनी "आहे तसा" म्हणायचं. पुठ्ठ्यावर लिहून आरशाच्या वर लावली. अक्षर जरा तिरकं आलंय, पण भावना महत्त्वाची.

शाळेच्या वहीत लिहिलं: सर्व ठीक.

६ एप्रिल, गुरुवार

कापड निवडायचा दिवस. कपाटातले सगळे तुकडे टेबलावर पसरले. म्हटलं, ज्याला जे आवडेल ते उचला, घाई नाही. सगळ्यांत आधी बेकरीवाली पुढे झाली आणि पिवळ्याधमक कापडावर हात ठेवला. डोळे असे लकाकले तिचे! म्हणाली, "मावशी, याला मोठे खिसे होतील?" म्हटलं, पोतडीएवढे करू.

मग कात्रीने काळं घेतलं. झालं! कात्रीने काळं घेतल्यावर थोरल्याला काळं, धाकट्याला काळं, सगळ्यांना काळंच. रीळ बराच वेळ लाल फुलांच्या कापडाभोवती घुटमळत होता, शेवटी तोही काळ्यावर आला. सात काळे आणि एक पिवळी. जाकिटं शिवतोय की शोकसभेला निघालोय तेच कळेना.

मी चांगलं अर्धा तास भाषण दिलं. मेंढरांसारखं वागू नये, लोक काय म्हणतील याचा विचार करू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी एकदम.

माझं जाकीट आज काखेत काचत होतं. गेल्या वर्षीच शिवलंय. कापड आटतं हल्ली, पूर्वीसारखा माल येत नाही.

७ एप्रिल, शुक्रवार

आज मापं. माझे वस्ताद सांगायचे, माप पुटपुटायचं नसतं. खणखणीत सांगायचं, म्हणजे लिहिणाऱ्याची चूक होत नाही. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा. मीही तशीच शिकले. मी टेप लावणार आणि सांगणार, कात्रीचं अक्षर चांगलं म्हणून ती दुकानाच्या मापांच्या वहीत लिहिणार, बाकीचे ओळीत उभे.

"रीळ, कंबर बावीस! थोरला, तेवीस! धाकटा, तेवीस!" धडाधड काम चाललं होतं.

बेकरीवालीची पाळी आली तर म्हणाली, "मावशी, मी उद्या देते माप." म्हटलं, उद्या काय मुहूर्त आहे? उभी राहा सरळ. तर पोट आत ओढून उभी राहिली. म्हटलं, सोड श्वास, जाकीट घालून जेवायचंही असतं माणसाने. सोडला बिचारीने.

"कंबर बत्तीस!"

कात्रीने वर पाहिलं. "किती?"

"बत्तीस! तीस आणि दोन!"

पलीकडे ह्यांचा चिमटा खाली पडल्याचा आवाज आला. पोरगी जरा ओशाळलेली दिसली, तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "अगं, हे तर माझंच माप! वहीच्या पहिल्या पानावर बघ, माझी कंबर बत्तीसच आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि हसायला लागले. हसतखेळत झाली मापं. छान गेला दिवस.

जेवताना हे म्हणाले, "माप जरा हळू सांगता येत नाही का गं?"

"का, तुमच्या घड्याळांना त्रास होतो?"

"घड्याळांना नाही," म्हणाले आणि ताट उचलून उठले. ह्यांचं हे असं. अर्धं बोलायचं आणि उठायचं.

१० एप्रिल, सोमवार

एक आनंदाची गोष्ट. मुलांना मापांची गोडी लागलेली दिसते. दाराशी चपला काढताना आपसांत "बत्तीस, बत्तीस" करत होती. मी दाराशी गेले तर एकदम शांत. अभ्यासाचं बोलताना मोठ्यांना बघून मुलं लाजतात ती अशी.

एक वाईट गोष्ट. बेकरीवालीने पिवळं कापड परत दिलं. "मला पण काळं द्या."

"अगं, पण पिवळं तुला किती आवडलं होतं!"

"काळ्यात बारीक दिसतं," म्हणाली. एवढं हळू, की मी दोनदा विचारलं.

म्हणजे ही पण गेली मेंढरांत! एकच काय ती स्वतःच्या मनाने चालणारी होती. मी तिला बाजूला घेऊन समजावलं, की दुसऱ्यांचं बघून आपली आवड सोडू नये, आपण आहोत तसे छान असतो. ती जमिनीकडे बघत ऐकत होती. कमरेला स्वेटर बांधला होता, एवढ्या उकाड्यात. फॅशन असेल.

पिवळं कापड मी कपाटात ठेवलं. दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

१२ एप्रिल, बुधवार

कागदावर आराखडे काढून झाले. कात्रीचं काम सुरेख, पण मिजास पण तेवढीच. जुळ्यांनी दोघांचे पुढचे भाग एकाच बाजूचे काढले, आता एक जाकीट पाठीवर उघडणार. रीळने शिवणीसाठी दोन बोटं माया, म्हणजे जादा जागा, सोडायची तिथे चार बोटं सोडली. विचारलं तर म्हणाला, "मी उंच होणार आहे." मी ते पुसलं नाही.

घोषणा आता जोरात म्हणतात सगळे. बेकरीवालीचे फक्त ओठ हलतात. घसा बसला असावा. तिला खडीसाखर दिली, ती तिने खिशात टाकली.

१४ एप्रिल, शुक्रवार

बेकरीवाली आली नाही. कालही आली नव्हती. पोट दुखतंय असा निरोप आहे. बेकरीतल्या पोरीचं पोट दुखायचंच, असं मी गमतीने म्हटलं, तर मुलं इतकी हसली की मलाच कसंसं झालं. का ते कळलं नाही.

१७ एप्रिल, सोमवार

आज भांडण झालं. सगळं नीट लिहिते, नाहीतर उद्या मी त्याला वेगळा रंग देईन.

बेकरीवालीचं जाकीट निदान मी बेतून ठेवावं म्हणून मापांची वही काढली, तर तिचं पान गायब. फाडलेलं. वही कात्रीच्या हातात असायची. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हटलं, तूच तिला काळ्या कापडाच्या नादाला लावलंस, तूच तिला छळलंस आणि पानही तूच फाडलंस.

कात्री रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. लालबुंद झाली आणि म्हणाली, "मी पान नाही फाडलं! आणि चिडवलं म्हणाल तर सगळ्यांनी चिडवलं, बत्तीस बत्तीस म्हणून. पण आकडा आम्हाला कुठून कळला? तुम्हीच ओरडलात, मावशी. दोनदा."

"तू विचारलंस म्हणून!"

"मी एकदा विचारलं. तीस आणि दोन तुम्ही म्हणालात."

आणि मागून रीळ, हळूच: "आणि ती तुमच्याएवढी आहे असं पण म्हणालात. आणि तुम्ही तर..." सगळ्यांच्या नजरा माझ्या जाकिटाच्या बटणांवर.

मी म्हटलं, उठा, घरी जा. सगळे गेले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, अशी आहेत आजकालची पोरं.

शाळेच्या वहीत: सर्व ठीक.

१८ एप्रिल, मंगळवार

वर्गाला सुट्टी दिली. डोकं दुखतंय असं सांगितलं. बेकरीवालीला पोट आणि मला डोकं.

कालचं शेवटचं वाक्य खोडावंसं वाटतंय. उचलली जीभ पोरांची नाही, माझी.

सकाळपासून एक टीप सरळ आली नाही. शेवटी मी मशीन थांबवून ह्यांना म्हटलं, "मी एवढं काय केलं? माप तर सांगितलं. खोटं थोडंच सांगितलं?"

हे म्हणाले, "आणि तुझं?"

"माझं काय?"

ह्यांनी भिंग काढलं. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, भिंग काढून बोलायची वेळ चार-पाचदाच आली असेल. म्हणाले, "अगं, या वर्षात तू ते जाकीट तिसऱ्यांदा उसवून सैल केलंस. कापड नाही आटत." आणि वर, "लोका सांगे..."

"पुढचं म्हणू नका," मी म्हटलं. त्यांनी भिंग परत डोळ्याला लावलं.

मला आतून लाज वाटली. वहीच्या पहिल्या पानावरचं ते बत्तीस मी बारा वर्षांपूर्वी लिहिलंय. त्यानंतर रोज गळ्यात टेप घालून मी सगळ्या गावाच्या कमरा मोजल्या, स्वतःची एकदाही नाही. आणि ते बारा वर्षांचं खोटं माप मी त्या पोरीच्या अंगाला लावलं. मुलांनी माझ्याकडे बघितलं आणि हिशेब केला, की बत्तीस म्हणजे एवढी बाई. हसणारच ती. त्यांच्यापेक्षा जास्त दोष माझा आहे. पोरीचं मन एवढंसं झालं असेल. आणि मी खडीसाखर देत बसले.

उद्या बेकरीत जाणार. काय बोलायचं ते ठरवलं नाही. ठरवून बोलले की माझं भाषण होतं.

१९ एप्रिल, बुधवार

दुपारी गेले, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. भट्टी विझत आली होती, फळ्यांवर पाव गार होत होते. तिचे बाबा कोपरापर्यंत पिठाने माखलेले. म्हणाले, "तुमच्या वर्गात फार रमली होती हो. रोज घरी येऊन पिवळ्या जाकिटाचं चित्र काढायची. आता काय झालंय कुणास ठाऊक, पावाला हात लावत नाही." आणि आमचं बोलणं व्हावं म्हणून मागच्या खोलीत गेले. भला माणूस.

ती पाठमोरी बसून कागदी पिशव्या चिकटवत होती. वळली नाही.

"मावशी, मी येणार नाही."

"मी बोलवायला नाही आले. दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली, तू उद्या माप देते म्हणाली होतीस, मी ऐकलं नाही. ओरडले. ते चुकलं. मुलांचंही चुकलं, पण आधी माझं."

एक पिशवी झाली. दुसरी झाली.

"आणि दुसरी गोष्ट?"

"दुसरी... माझं माप बत्तीस नाही."

"माहितीय," ती म्हणाली. "ते दिसतं, मावशी."

मला हसूच आलं. रडू पण येत होतं, दोन्ही एकदम. ती वळली. म्हणाली, "मग खरं किती आहे?"

"माहीत नाही. बारा वर्षांत मोजलं नाही."

"का? टेप तर गळ्यातच असते तुमच्या."

"भीती वाटते."

"तुम्हाला?"

"मला."

ती बोटाला लागलेली खळ पुसत म्हणाली, "मला वाटलं होतं, मोठं झालं की नाही वाटत."

"मलाही तसंच वाटलं होतं गं, तुझ्याएवढी असताना."

मग तिने झग्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मापाचं पान. "हे मी फाडलं. कात्रीने नाही." म्हटलं, ठेव तुझ्यापाशी, तुझंच माप आहे.

"मग जाकीट कसं बेतणार?" म्हणाली. म्हणजे जाकीट अजून मनात होतं! मी अगदी साधा चेहरा ठेवला. तिला सांगितलं, की माझ्या वस्तादांचे वस्ताद होते, त्यांना आकडे येत नव्हते. ते कागदाची पट्टी अंगाभोवती धरायचे आणि जिथे टोकं भेटतील तिथे बारीकशी खाच पाडायचे. एका माणसाची एक पट्टी. आकडा नाहीच. तरी त्यांचे कोट पायघोळ किंवा तोकडे झाले असं कुणी कधी म्हटलं नाही.

तिने पिशव्यांच्या कागदाची लांब पट्टी कापली. पाठ फिरवून स्वतःच कमरेभोवती धरली, खाच पाडली, मग खांद्याची, मग उंचीची. पट्टी गुंडाळून माझ्या हातात दिली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. मी विचारलं नाही. माझ्यासारखीने विचारलं नाही, याची नोंद व्हावी.

निघताना तिच्या बाबांनी गरम पाव दिला. रस्त्यातच खाल्ला.

२० एप्रिल, गुरुवार

वर्ग दहाला. साडेनऊला दार वाजलं. बेकरीवाली! कमरेला स्वेटर नाही. आत येऊन म्हणाली, "आधी तुमचं."

"माझं काय?"

"माप. पडद्यामागे या."

गेले मुकाट्याने. दारातून पळून जायचा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू? तिने टेप घेतली, मी पोट आत ओढलं. म्हणाली, "श्वास सोडा मावशी, जेवायचंही असतं." माझंच वाक्य! सोडला.

तिने टेप वाचली. मग काय केलं असेल? तोंडातून एक शब्द नाही. फक्त आकड्यावर नख ठेवून टेप माझ्या डोळ्यांसमोर धरली. आणि मान दुसरीकडे वळवली, मला बघताना कुणी बघू नये म्हणून. अकरा वर्षांची पोर! हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाहीच.

"चाळीस!" मी ओरडले. जन्माची सवय.

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू! कुणी ऐकेल!"

"ऐकू दे."

"ऐकलं," पलीकडून हे म्हणाले. "मला बेचाळीस वाटलं होतं."

पडद्यामागे आम्ही दोघी इतक्या हसलो की पडद्याची दांडी निघून डोक्यावर पडली.

दहाला बाकीचे आले. ती टेबलापाशी बसून सुईत दोरा ओवत होती. थोरला जुळा दारातूनच म्हणाला, "बत्तीस आली!" मी तोंड उघडलं, माझं भाषण तयारच होतं. पण ती आधी बोलली. वर न बघता.

"हो, बत्तीस. तुझी किती?"

"तेवीस."

"बरं," ती म्हणाली. आणि दोऱ्याला गाठ मारली.

एवढंच. थोरला उभाच राहिला. बाकी कुणी हसेना. मग तोही येऊन बसला आणि तिच्याकडे खडू मागितला. तिने दिला. ओठ थरथरत होते तिचे, ते मी बघितलं, त्याने नाही. मी इतके दिवस घसा फोडला, त्यातलं काहीच कामाला आलं नाही. तिचं ते "बरं" आलं.

मग मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, की त्या दिवशी मी चुकले, वर खोटंही बोलले. कात्रीची वेगळी माफी मागितली. ती म्हणाली, "चालतं." मग थोड्या वेळाने, "मी पण चिडवलं होतं," असं बेकरीवालीकडे बघून म्हणाली. बेकरीवाली म्हणाली, "हो, सगळ्यांत जास्त तूच." आणि दोघी गप्प शिवत बसल्या. गळ्यात गळे घातले नाहीत. ठीक आहे. रोज उठून गळ्यात पडायला ही काही पाहुणे मंडळी नाहीत.

कपाटातून पिवळं कापड काढून तिच्यासमोर ठेवलं.

२४ एप्रिल, सोमवार

आता सगळ्यांनाच कागदाच्या पट्ट्या हव्यात. दुकानात पडद्यामागे जाऊन प्रत्येकाने आपापली पट्टी केली. मापांची वही मी वरच्या फळीवर ठेवून दिली. तो घोषणेचा पुठ्ठाही काढला, त्याच्या मागच्या बाजूवर जुळ्यांनी नव्याने आराखडा काढलाय. चांगला आलाय.

रीळ सकाळी माझ्याजवळ आला. "मावशी, ते लाल फुलांचं शिल्लक आहे का?" म्हटलं, काळं तर अर्धं शिवून झालंय तुझं! म्हणाला, "काळ्याला आतून त्याचं अस्तर लावू. मग उलटं घालीन." हुशार आहे. आणि म्हणाला, "मला रीळ म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"विचार करून सांगतो. दोन दिवस द्या."

कात्रीला मी गोडीत विचारलं, की तुला पण रंग बदलायचाय का? तिने माझ्याकडे बघितलं. "मला काळाच आवडतो. खरंच आवडतो." म्हटलं, बरं. काळा आवडणारंही कुणीतरी असणारच की. मी उगीचच तिच्या रंगावर डूख धरून होते.

२९ एप्रिल, शनिवार

झालं एकदाचं. सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, आईबाप भिंतीला टेकून उभे. पाच काळी जाकिटं, एक निळं, एक लाल फुलांचं आणि एक पिवळं. धाकट्याचं बटण चालताना सुटलं, ते तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं. पूर्वीचा रीळ (दोन दिवसांचे पाच झाले, नाव अजून ठरलेलं नाही) अर्ध्यात थांबला, जाकीट काढलं, उलटं केलं आणि फुलं दाखवत पुढे गेला. शिट्ट्या पडल्या.

बेकरीवाली सगळ्यांत शेवटी. मागच्या बाजूला कुणीतरी पोरगं खुसखुसलं, मला ऐकू आलं, तिलाही आलं असणार. तिची चाल क्षणभर अडली. मग तिने दोन्ही हात त्या पोतडीएवढ्या खिशांत घातले आणि चालत राहिली. मध्यभागी आल्यावर खिशातून पाव काढला, मोडला आणि अर्धा स्वतः खाल्ला. भर सभागृहात! उरलेला अर्धा खाली बसलेल्या मोठ्या बाईंच्या हातात. सगळे हसले, पण हे हसणं वेगळं होतं, ती स्वतः त्यात पुढे होती. तिचे बाबा धुतलेल्या हातांनी डोळे पुसत होते, तरी गालाला पीठ लागलंच.

मी नवं जाकीट घातलं होतं. चाळीसच्या मापाचं. बारा वर्षांत पहिल्यांदा हात वर करून टाळ्या वाजवता आल्या.

मोठ्या बाईंनी वही मागितली. दिली. त्यांनी पानं चाळली. "रोज सर्व ठीकच होतं?"

म्हटलं, "नव्हतं. बसून सांगते एकदा."

१२ जून, सोमवार

शाळा उघडली. संध्याकाळी बेकरीवाली आली, गणवेशाचा स्कर्ट शिवायचा म्हणून. तेच पिवळं जाकीट अंगात, एका खिशात घडी घातलेला कागद आणि दुसऱ्यात काय असेल ते सांगायला नको.

मी टेबलाच्या खणातून तिची कागदाची पट्टी काढायला गेले.

"नको. टेपनेच घ्या," ती म्हणाली. "वहीत मी लिहिते."

पडद्यामागे गेलो. मी टेप लावली. तिने पोट आत ओढलं नाही. मी वाकून तिच्या कानात सांगितलं, वस्तादांची क्षमा मागून, इतकं हळू की मला स्वतःला ऐकू आलं नाही.

तिने वही उघडली. खिशातून चार घड्यांचं ते जुनं पान काढलं, फाटलेल्या जागी ठेवून खळीने चिकटवलं. त्याच्याखाली लिहिलं, तेहेतीस. पहिलं पानही उलटून बघितलं. तिथे माझं बत्तीस खोडून मी चाळीस लिहिलंय ते बघून मान हलवली, मोठ्या बाई तपासतात तशी.

मग पडदा सारून बाहेर आली आणि सगळ्या दुकानाला, ह्यांच्या घड्याळांसकट, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मावशी, जरा सैलच ठेवा हं. मी अजून वाढतेय."